चौथ्या कोपऱ्याचं वजन

खोली दाखवायच्या आधी मावशींनी मला माझं वजन विचारलं.

मी रायपुरात नवीन होते. एका खासगी शाळेत गणित शिकवायची नोकरी लागली होती आणि सकाळपासून गुढियारीच्या गल्ल्यांतून मी जिने चढत-उतरत होते. कुठे "अकेली रहोगी?" असं विचारलं, कुठे "मांस-मच्छी तो नहीं?" असं, आणि एके ठिकाणी आडनाव विचारून झाल्यावर खोली एकदम कालच दिलेली निघाली. वजन मात्र कुणी विचारलं नव्हतं. दारात एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई उभी होती आणि तिच्या तोंडात सुई होती.

"बावन्न," मी म्हटलं.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, बाजारात भोपळा पाहतात तसं.

"चालन," त्या आमच्या वर्ध्याकडच्या बोलीत म्हणाल्या. "पन कमी नको होऊ देजो. वरते खोली हाय. नळ सकाळी येते. मले मावशी म्हन."

याचा उलगडा व्हायला दिवाळी जावी लागली. तोवर मी मनात दोन-तीन तर्क करून ठेवले होते. जिना जुना असेल, पलंग मोडका असेल, किंवा बाईचं डोकं थोडं फिरलेलं असेल. मी गणिताची बाई आहे. प्रश्न आला की मला उत्तर लागतं, आणि उत्तराखाली दोन रेघा मारल्याशिवाय जेवण गोड लागत नाही. मावशींच्या घरी मी पाच वर्षं राहतेय आणि त्यांच्याबाबतीत खाली दोन रेघा माराव्यात असं एकही उत्तर मला मिळालेलं नाही.

थंडी सुरू झाली तशा पहिल्याच रविवारी त्यांनी मला गच्चीवर हाक मारली. गच्चीवर जुन्या पातळांचे थर एकावर एक अंथरले होते. एका कोपऱ्यावर वरवंटा ठेवला होता, दुसऱ्यावर पाण्यानं भरलेला पितळी तांब्या, तिसऱ्यावर लाल-हिरव्या काचेचा जड हातकंदील. मावशींचे यजमान रेल्वेत गार्ड होते, त्यांचा तो कंदील. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. चौथा कोपरा मोकळा होता आणि वाऱ्यानं फडफडत होता.

"बस वो माय थ्या कोपऱ्यावर," मावशी म्हणाल्या. "अन् हलू नको."

असे आम्ही सगळे भाडेकरू मावशींच्या गोधडीचा चौथा कोपरा होतो. माझ्या आधी तिथे बिलासपूरकडची एक नर्स बसायची, तिच्या आधी टपालखात्यातले एक सद्गृहस्थ. ते गृहस्थ पंचाण्णव किलोंचे होते आणि त्यांची आठवण मावशी मोठ्या आदरानं काढायच्या. "असा भाडेकरू पुन्हा भेटत नाई," म्हणायच्या. "बसला म्हंजे बसला."

मावशी गोधडी शिवत नसत. त्या फक्त कच्चे टाके घालून देत. हे मला आधी कळलंच नाही, कारण मला वाटायचं गोधडी एकच माणूस अथपासून इतिपर्यंत शिवतं. तर तसं नसतं म्हणे. आधी थर लावायचे. तळवा फिरवून एकेक सळ बाहेर काढायची. मग सगळे थर जागच्या जागी राहावेत म्हणून वीतवीतभर लांब कच्चे टाके घालायचे. त्यानंतर बारीक पक्का टाका. पक्का टाका पुरा झाला की कच्चा दोरा ओढून काढायचा आणि फेकून द्यायचा. म्हणजे मावशींचं सगळंच्या सगळं काम शेवटी केरात जायचं. सबंध पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या बायका, पार शहराच्या टोकाच्या भनपुरीच्यासुद्धा, जुन्या लुगड्यांची गाठोडी घेऊन यायच्या, आणि मावशी त्यांचे थर लावून, कच्च्या दोऱ्यानं बांधून परत द्यायच्या. "पक्कं तुमचं तुमी करा," हे ठरलेलं वाक्य. आणि त्याच्या मागून आणखी एक, जे कुणी मनावर घेत नसे: "पन पक्कं करायच्या आधी एकडाव उकलून पायजा."

त्या पक्का टाका का घालत नाहीत, हे मी शेजारच्या किराणावाल्या भाभींना विचारलं. त्या म्हणाल्या, "मौसी की आँख कमज़ोर है ना." पण मावशी सुईत दोरा एका झटक्यात ओवायच्या, माझ्याआधी. समोरचे रेल्वेतून निवृत्त झालेले काका म्हणाले, आळस, दुसरं काय. पण आळशी माणूस चार-चार तास उकिडवं बसून थरांवरून तळवे फिरवत नाही. मी खुद्द मावशींनाच विचारलं. एकदा म्हणाल्या, "पक्कं करायले घरचं मानूस लागते." एकदा म्हणाल्या, "मले कंटाया येते." तिसऱ्यांदा विचारलं तर म्हणाल्या, "काहून वो, तुले काय करायचं हाय?" तिन्ही वेळा चेहरा सारखाच होता, त्यामुळे खरं कोणतं ते कळायला मार्ग नव्हता.

दोऱ्याचंही त्यांचं एक खूळ होतं. गोल बाजारातल्या एका ठरावीक दुकानातून त्या लालभडक दोऱ्याची रिळं आणवायच्या. पांढऱ्यावर लाल, पिवळ्यावर लाल, आणि कापडच लाल निघालं तर मात्र हिरवा. मी एकदा शहाणपणानं म्हटलं, मावशी, कापडाला मिळता घेतला तर चांगला दिसेल. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी फळ्यावर दोन अधिक दोन पाच लिहिलंय.

"कच्चा दोरा दिसला पायजे," त्या म्हणाल्या. "लपला का मानसाले वाटते पक्का हाय. अन् मंग फसते."

याच दोऱ्यानं त्या जगातली कोणतीही गोष्ट टाचायच्या. माझ्या सलवारीची उसवलेली शिवण, खिडकीचा पडदा, भिंतीवरच्या कॅलेंडरची सुटलेली पानं. एकदा तर रेशनकार्डाचे दोन तुकडे त्यांनी लाल दोऱ्यानं जोडले होते आणि दुकानदार म्हणे ते उलटंपालटं करून बघत राहिला होता. कुणाचा फोन नंबर भिंतीवर पेन्सिलीनं लिहायचा, पेननं नाही. शेजारच्या मुलीचं लग्न जुळलं, मंडळी पेढे घेऊन आली, तर पेढा तोंडात टाकून म्हणाल्या, "बरं झालं. पन सध्या कच्चंच ठेवा." पुढे चार महिने त्या घरानं आमच्या दारावरून जाताना मान फिरवली. लग्न व्यवस्थित झालं, हेही सांगायला हवं.

आणि सळ. सळीला मावशी सय म्हणायच्या. त्यांच्या लेखी ती चोर, भूत आणि सावकार यांच्यापेक्षा वाईट. थर पसरून झाले की त्या बरोब्बर मध्यावर दोन्ही तळवे ठेवायच्या आणि काठाकडे सरकवत न्यायच्या. पुन्हा मध्यावर, पुन्हा काठाकडे. तेवढा वेळ बोलायची बंदी. मालगाडी शिटी वाजवत गेली तरी त्या तिच्याकडे रागानं बघायच्या. "मधातून सुरू करा लागते," म्हणायच्या. "काठावरून सुरू केलं का सय मधात येऊन बसते, अन् मंग जल्मभर टोचते." माझं घरी भावाशी काही बिनसलं, शाळेत मुख्याध्यापकांशी वाद झाला, की मी खाली जाऊन रडगाणं सुरू करायची. अर्धं ऐकून त्या हात वर करायच्या. "काठावरून नको सांगू. मधातून सांग." आणि खरंच मधातून सांगायला गेलं की दोन वाक्यांत गोष्ट संपायची आणि मला माझीच लाज वाटायची.

आता मीही मधातूनच सांगते. माझी आई मी रायपूरला यायच्या आदल्या वर्षी गेली. तिची पाच सुती पातळं वहिनीनं मला वर्ध्याहून पाठवली. त्यातली चार कुणाचीही असू शकली असती. पाचवं विटकरी रंगाचं होतं. माझ्या दहावीच्या गणिताच्या पेपरच्या दिवशी आई ते इस्त्री करत होती आणि मी निघताना मला हाक मारून, पेन घेतलं का, पट्टी घेतली का, विचारत होती. त्या नादात इस्त्री पदरावरच राहिली. त्रिकोणी भोक पडलं. आईनं त्यावर काळ्या ब्लाऊजपीसचा तुकडा लावून इतक्या जाड दोऱ्यानं ठिगळ शिवलं की ते कापडावर उठून आलं. डोळे मिटूनही बोटाला सापडेल असं. पुढे आयुष्यभर ती ते पातळ नेसली की मला म्हणायची, "बघ, तुझ्या गणितानं मला जाळलं." मला ते ठिगळ हवं होतं. बाकीच्या चार पातळांसाठी मी रडले नसते.

दुसऱ्या हिवाळ्यात मी ते गाठोडं मावशींपुढे ठेवलं आणि म्हटलं, विटकरी पातळ वरच्या बाजूला घाला, ठिगळ दिसेल असं.

"जयकं वरते नाई घालत," मावशी म्हणाल्या. जयकं म्हणजे जळकं. "मधात जाईन."

"मावशी, मला ते दिसायला हवं आहे."

"दिसून काय करशीन? हात लावला का लागन तुले."

मी हरले. मधात तर मधात. रविवारी माझ्याच गोधडीचा चौथा कोपरा होऊन मी बसले. पण त्या दिवशी मला दहावीचे पेपर तपासायचे होते, मी गठ्ठा मांडीवर घेऊन बसले होते आणि माझं लक्ष गोधडीत नव्हतं, पेपरांत होतं. हे मी कबूल करते, कारण पुढे मी मावशींना जे बोलले ते बोलायचा मला कितपत हक्क होता ते वाचणाऱ्यानं ठरवावं. त्याच दिवशी भनपुरीच्या एका बाईचंही गाठोडं मावशींच्या मागे पडलं होतं. ती बाई त्याच संध्याकाळी आपली गोधडी घेऊन गेली. मी माझी वर खोलीत नेली. पक्का टाका मी सुट्टीत घालणार होते.

अंथरुणावर पसरून मी तिच्यावरून हात फिरवला. ठिगळ लागलं नाही. उलट बाजूनं फिरवला. वीत वीत करून चाचपलं. मग लाल टाक्यांच्या मधून काठ उचलला आणि फोनचा उजेड आत टाकला. आईची चार पातळं होती. पाचवा थर जाड्याभरड्या पांढऱ्या कापडाचा होता, त्याला लाल काठ होता. इकडच्या खेड्यांतल्या म्हाताऱ्या बायका नेसतात तो लुगरा.

मी धावत खाली गेले. मावशी भाजी निवडत होत्या.

"मावशी, माझ्या आईचं पातळ कुठाय?"

"असन ना त्यातच."

"नाही त्यात. दुसऱ्याच कुणाचा लुगरा आहे आत!"

"हो का?" त्या म्हणाल्या, आणि मेथीच्या जुडीतली एक काडी उचलून बाजूला ठेवली. "मंग भनपुरीले गेलं असन. नंबर भिंतीवर हाय. मी म्हनलं होतं, उकलून पायजो म्हनून."

पुढच्या रविवारी मी ऑटोनं भनपुरीला गेले. ट्रकच्या गॅरेजांच्या मागे दोन खोल्यांचं घर होतं. दार एका तरुण सुनेनं उघडलं. मी मावशींचं नाव काढताच तिचा चेहरा पांढरा पडला. तिला माझ्याशी बोलायला वेळच मिळाला नाही, कारण आतून तिच्या सासूनं विचारलं कोण आलंय, आणि सुनेच्या तोंडून "मौसी के घर ले", मावशींच्या घरून, एवढं ऐकताच म्हातारीनं मला हात धरून आत नेलं.

आत झोळीत तान्हं मूल झोपलं होतं. त्याच्या अंगाखाली-अंगावर दुमडलेली गोधडी होती. पक्का टाका घालून झाला होता, बोटाच्या पेराएवढ्या अंतरानं एकेक ओळ. मावशींचा लाल दोरा ओढून काढलेला होता.

म्हातारी म्हणाली, "एमा मोर लुगरा हवय. छू के देख." यात माझा लुगरा आहे, हात लावून बघ. तिनं माझा हात धरून गोधडीवर ठेवला. "एखरे सेती लइका सुतथे. पहिली रात-दिन रोवय." ह्याच्यामुळेच पोर झोपतं, आधी रात्रंदिवस रडायचं. आणि तिनं माझी बोटं थोडी पुढे सरकवली, अभिमानानं, की इथे बघ, इथे किती ऊब आहे.

माझ्या बोटाखाली आईचं ठिगळ आलं. तीन कोन, जाड दोरा, सगळं जिथल्या तिथे.

मला ओरडावंसं वाटलं. मला ते मूल उचलून बाजूला ठेवावंसं वाटलं, हेही खरं आहे. म्हातारी माझ्या तोंडाकडे बघत होती, मी काहीतरी म्हणण्याची वाट पाहत. मी म्हटलं, "हव अम्मा. गरम है." ती इतकी खूश झाली की तिनं मला चहा दिला आणि दोन खुरमी, गव्हाच्या गोड वड्या, खायला घातल्या. त्या कशा लागल्या मला आठवत नाही.

सून मला सोडायला ऑटोपर्यंत आली. "मुझे मालूम था दीदी," ती हळूच म्हणाली. "सिलते बखत हाथ में आया था. माँजी के लुगरे में कोई पैबंद नहीं था." सासूच्या लुगऱ्याला ठिगळच नव्हतं. तिनं सांगितलं ते असं: नातवाच्या गोधडीत आपला लुगरा घातलाच पाहिजे म्हणून सासूनं पंधरा दिवस घर डोक्यावर घेतलं होतं. सुनेला तो नको होता. लुगरा घातला असं समजल्यापासून सासू शांत झाली, घर शांत झालं, आणि मूलही खरंच झोपायला लागलं. "आप बोलो तो आज उधेड़ दूँगी," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "पर माँजी को क्या बोलूँगी?"

एका बाजूला माझी आई, दुसऱ्या बाजूला हे. वर्गात मी मुलांना सांगते, दोन्ही बाजू समान असतील तरच बरोबरचं चिन्ह टाका. मी म्हटलं, राहू दे. आणि ऑटोत बसून रडले. ऑटोवाल्या भैयानं बिचाऱ्यानं आरसा फिरवला.

घरी आले ती थेट मावशींकडे. मी काय बोलणार होते ते वाटेत चांगलं शिवून आणलं होतं. मावशींनी मान वर केली आणि विचारलं, "सय तं नाई ना राहिली कुठं? पक्कं चांगलं केलं तिनं?"

माझी शाळेतली मराठी कुठल्या कुठे गेली. "मावशी, मायी माय होती थे!" मी ओरडले. "तुमाले सयची पडली हाय?"

 त्यांनी माझ्या पुढ्यात निवडलेल्या भाजीचं ताट सरकवलं, जणू मीच चिरणार होते. मी ताट तसंच ठेवून वर गेले आणि पंधरा दिवस त्यांच्याशी बोलले नाही. मात्र रविवारी कोपऱ्यावर जाऊन बसत होते. भांडण भांडणाच्या जागी, वारा वाऱ्याच्या. कोपरा धरायला दुसरं कोण होतं?

अबोल्याचा एक फायदा असा की माणूस नीट बघायला लागतं. मी बघत होते. मावशी एका गाठोड्यातली चार लुगडी घ्यायच्या, आणि पाचवं घेताना हात मागे न्यायच्या, मान न वळवता, आणि तो हात कधी त्याच गाठोड्यावर पडायचा, कधी शेजारच्या. एकदा मी अबोला मोडून म्हटलं, "मावशी, ते दुसऱ्याचं आहे." "हो का?" म्हणून त्यांनी ते परत ठेवलं. पुढच्या रविवारी पुन्हा तसंच. म्हणजे किती वर्षं हे चाललं असेल? पाऱ्यात कोण कुणाच्या आजीच्या लुगड्याखाली झोपत असेल? ज्या घरानं मला आडनाव ऐकून खोली नाकारली होती, त्या घराचं गाठोडंही मी मावशींच्या मागे पाहिलं होतं. मला हसूही आलं आणि अंगावर काटाही आला.

हे त्या मुद्दाम करत होत्या की त्यांना दिसत नव्हतं, समजत नव्हतं? मुद्दाम असेल तर प्रत्येकीला "उकलून पायजा" का सांगायच्या? चोरी करणारा कुलूप उघडं ठेवून जात नाही. आणि चुकून होत असेल तर तो हात इतका शांत कसा? मी वहीत दोन रकाने करून पाहिले, मुद्दाम आणि चुकून. दोन्ही सारखेच भरले. वही मिटून ठेवली.

मग चुकूनच्या रकान्याचं पारडं जड होत गेलं. मावशी वरणात दोनदा मीठ घालायला लागल्या. मला नर्सच्या नावानं हाक मारायला लागल्या. एका दुपारी गच्चीवर थर पसरून झाल्यावर हातात सुई घेऊन त्या तशाच बसून राहिल्या, आणि मला म्हणाल्या, "आता काय करा लागते वो?" मी म्हटलं, "मधातून सुरू करा लागते, मावशी." "हव," त्या म्हणाल्या आणि टाका घातला. तो टाका सरळच होता. माझा राग त्या दिवशी गेला. गेला म्हणजे काय, तो ठेवायला जागाच उरली नाही. त्या उन्हाळ्यात गोंदियाहून त्यांची लेक आली आणि त्यांना घेऊन गेली. जाताना मावशींनी वरवंटा, तांब्या आणि कंदील गच्चीवरच्या टाकीखाली ठेवायला लावले. मी वरच्या खोलीत तशीच राहिले. माझी गोधडीही तशीच राहिली, लाल कच्च्या टाक्यांची, आत परक्या म्हातारीचा लुगरा घेऊन. पक्का टाका घालायला माझा हात धजत नव्हता.

यंदाच्या हिवाळ्यात एका रविवारी दारात भनपुरीची सून उभी राहिली. सोबत तीन-साडेतीन वर्षांचा पोट्टा, त्याच्या खांद्यावरून गोधडी जमिनीवर लोळत होती.

"माँजी चली गईं दीदी," ती म्हणाली. "महीना हो गया." मग म्हणाली, "वो लुगरा आपके पास है क्या अभी? मैं पागल हूँ. जब थीं तो उसी से भागती थी." तिनं पोराच्या खांद्यावरची गोधडी ओढायला हात घातला. "ये आप ले लो. मैं उधेड़ के लाती, पर ये छोड़ता नहीं." पोट्ट्यानं गोधडी दोन्ही मुठींत धरली आणि भोकाड पसरलं.

मी म्हटलं, राहू दे त्याची त्याला. आणि माझी गोधडी गच्चीवर नेली. लाल दोऱ्याचं टोक कात्रीनं कापलं आणि ओढलं. कच्चा टाका सरसर निघून आला. पाच मिनिटांत लुगरा बाहेर, आणि कुठे एक धागा तुटला नाही. पक्का टाका असता तर दिवस गेला असता आणि कापडाची चाळणी झाली असती. सुनेनं लुगरा तोंडाला लावला. मी दुसरीकडे बघत उभी राहिले, कारण ते तिचं होतं.

मग चार थर उरले. वाऱ्यानं ते उडायला लागले, म्हणून मी टाकीखालून वरवंटा काढला, तांब्या भरला, कंदील ठेवला. चौथा कोपरा फडफडत होता. मी सुनेला विचारलं, "तुम्हारा वज़न कितना है?"

"क्यों दीदी?" ती घाबरून म्हणाली. पण बसली.

मी मध्यावर तळवे ठेवले आणि काठाकडे सरकवायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा. लाल दोरा ओवला. निम्मं होतंय तोवर पोट्टा आपली गोधडी ओढत थेट मधूनच पळत गेला आणि मधात सळ पडली. मला टाका उकलून पुन्हा घालायला हवा होता. मी घातला नाही.

संध्याकाळी गोंदियाला फोन लावला. लेकीनं आधीच सांगितलं, आई आता कुणाला ओळखत नाही, पण बोलायला आवडतं. गोधडीला त्या वाकय म्हणायच्या. मी म्हटलं, "आज वाकय टाचली मावशी. कच्चे टाके घातले."

"सय तं नाई ना राहिली कुठं?"

"राहिली. बरोब्बर मधात."

 मग त्या म्हणाल्या, "राहू दे मंग."

मग मी ते विचारलं. "मावशी, माझ्या आईचं पातळ तुम्ही मुद्दाम भनपुरीला घातलं होतं का?"

"कोनतं? जयक्या ठिगयाचं?"

 "हो," मी म्हटलं. "तेच."

"थे लेकराच्या आंगावरच बरं. तू घेतलं असतं तं नुसती रडत बसली असती."

मी गच्चीवर उभी होते. उत्तर मिळालं होतं. खाली दोन रेघा मारायच्या तेवढ्या राहिल्या होत्या. मला मोठ्यानं रडू आलं, आणि त्या ऐकत राहिल्या.

"पन तू कोन बोलून राहिली वो?" त्यांनी विचारलं.

मी नाव सांगितलं. त्यांना कळलं नाही. पुन्हा सांगितलं, शाळा सांगितली, वरची खोली सांगितली.

"असं का," त्या म्हणाल्या. "खोली पाहिजे का तुले? वजन किती हाय तुजं?"

"अठ्ठावन्न," मी म्हटलं.

"चालन," मावशी म्हणाल्या.